मोठ्या जनावरांची भीती वाटते. इंटर्नशिप शहरात बदलून घेऊ का?

प्रश्न : मी मूळची डोंबिवलीची. पशुवैद्यक पदवीची साडेचार वर्षे पूर्ण करून सध्या आंतरवासिता करीत आहे. माझी नेमणूक सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात झाली आहे. पुढे मला शहरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढायचा आहे. इथे येऊन दीड महिना झाला, पण दवाखान्याचे पशुवैद्यकीय अधिकारी (आम्ही त्यांना साहेब म्हणतो) मला केस पेपर आणि नोंदवही यांपलीकडे फारसे काही करू देत नाहीत. सुरुवातीलाच एका म्हशीची लाथ मांडीवर बसली, तेव्हापासून जनावराजवळ जाताना हात थरथरतो. गाभण तपासणीत हाताला काहीच समजत नाही. शेतकरी माझ्याकडे बघून 'साहेब कधी येतील?' असे विचारतात. गेल्या आठवड्यात रात्री साहेबांबरोबर एक अडलेली गाय पाहायला गेले होते. दुपारीच पाणमोट फुटली होती, गावातल्या चार-पाच जणांनी दोर लावून ओढून पाहिले होते आणि वासराचे डोके मागे वळलेले होते. वासरू मेलेलेच निघाले, पहाटे गायही गेली. त्या घरातल्या मावशी रडत होत्या आणि मला तिथे उभे राहवेना. काही मित्र म्हणतात की इथली हजेरी कशीतरी लावून घे आणि शहरातल्या खासगी दवाखान्यात काम शीक. आई म्हणते, परत ये. मी काय करावे? (एक आंतरवासी विद्यार्थिनी)

उत्तर : तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण निर्णयाचा प्रश्न एकच आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. नेमणूक बदलून घेऊ नका, आणि हजेरी 'कशीतरी' लावून घेण्याचा विचार तर मनातून पूर्ण काढून टाका. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या नियमांनुसार साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमातील हे शेवटचे वर्ष सक्तीचे आहे आणि ते तसे असण्याला सबळ कारण आहे. नोंदणी झाली की तुमच्या सहीने औषधे दिली जातील, शवविच्छेदनाचे अहवाल निघतील, विम्याचे दावे त्या सहीवर अडतील किंवा मंजूर होतील. तुमच्या प्रत्येक निर्णयामागे एक अनुभवी माणूस उभा आहे, असे वर्ष पुढे पुन्हा मिळत नाही. ते केवळ कागदावर पूर्ण करून घेतले, तर त्याची किंमत तुमच्यावर विश्वास टाकणाऱ्या एखाद्या पशुपालकाला मोजावी लागेल.

कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्याचा तुमचा विचार चांगला आहे आणि तो बदला असे मी सांगणार नाही. आंतरवासितेत लहान प्राण्यांच्या चिकित्सेचाही भाग असतो. तो आला की तिथे मन लावून शिका. मात्र गोठ्यातले शिक्षण शहरातल्या दवाखान्यालाही उपयोगी पडते, हे ध्यानात घ्या. शहरात रक्ततपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी हाताशी असते आणि त्यामुळे डोळे, कान, नाक आणि बोटे यांचा वापर नकळत कमी होत जातो. गोठ्यात तुमच्याजवळ थर्मामीटर, स्टेथोस्कोप आणि स्वतःची इंद्रिये एवढीच सामग्री असते. कीटोसिस (ऊर्जा कमी पडून होणारा आजार) झालेल्या गाईच्या श्वासाला येणारा गोडसर वास, दगडी (कासेची सूज) झालेल्या सडातून पहिल्या धारेबरोबर येणाऱ्या गाठी, गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरिओसिसमध्ये खांद्याच्या पुढे बोटांना लागणारी सुजलेली ग्रंथी या गोष्टी एकदा हाताखालून गेल्या की पुढे समोर कोणताही प्राणी आला तरी आधी त्याच्याकडे नीट पाहण्याची सवय राहते.

साहेबांनी सोपवलेली नोंदवही तुम्हाला कारकुनी काम वाटते, हे पत्रातून जाणवते. मला ते तसे वाटत नाही. दवाखान्याची मागच्या दोन-तीन वर्षांची नोंदवही सवडीने वाचून काढा आणि कोणत्या गावातून, कोणत्या महिन्यात, कोणते आजार आले हे एका वेगळ्या वहीत मांडा. पहिल्या पावसानंतर कोवळा हिरवा चारा पोटभर मिळाला की येणारी पोटफुगी, गोठ्यात चिखल झाला की वाढणारी दगडी, कारखान्यांच्या गाळप हंगामात उसाच्या वाढ्यावरच राहिलेल्या जनावरांमधील कॅल्शियमची कमतरता (वाढ्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, हे तुम्ही शिकलाच आहात) हे सगळे त्या रकान्यांतून दिसू लागेल. समजा एकाच वस्तीवरच्या दोन-तीन गाई थोड्या महिन्यांच्या अंतराने सातव्या-आठव्या महिन्यात गाभडल्याच्या (गर्भपात झाल्याच्या) नोंदी सापडल्या, तर ब्रुसेलोसिस या संसर्गजन्य आजाराचा संशय घेऊन नमुने तपासणीला पाठवले पाहिजेत. दिवसभर एकामागून एक जनावर पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेतून ही गोष्ट सुटू शकते. निवांत बसून नोंदवही वाचणाऱ्या विद्यार्थिनीच्या नजरेतून ती सुटण्याचे कारण नाही. असे काही हाती लागले तर ते साहेबांसमोर ठेवा. त्यानंतर तुमच्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलेल, याबद्दल मला शंका नाही. आणि नोंद करताना कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक प्रत्येक वेळी जनावराच्या कानाजवळ जाऊन स्वतः वाचा. क्रमांक चुकला तर त्या जनावराचा लसीकरणाचा इतिहास भलत्याच जनावराच्या नावावर जातो.

साहेब काही करू देत नाहीत, या तक्रारीत तथ्य असेल, पण त्यांच्या बाजूनेही थोडा विचार करा. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचाराची जबाबदारी नोंदणीकृत पशुवैद्यकाची असते. तुमच्या हातून काही बिघडले तर उत्तर त्यांना द्यावे लागेल, आणि त्यांच्याकडे दवाखान्याखेरीज आजूबाजूची गावे, लसीकरण, योजनांचे अर्ज आणि अहवालही आहेत. अशा माणसाला 'मला काहीतरी करू द्या' असे मोघम सांगून उपयोग होत नाही. नेमके काम मागा. सकाळी दवाखाना उघडताना म्हणा, 'सर, आजपासून येणाऱ्या प्रत्येक जनावराचे तापमान, नाडी, श्वसन आणि पोटाची हालचाल मी आधी घेऊन केस पेपरवर लिहीत जाईन. तुम्ही तपासाल तेव्हा माझे कुठे चुकले ते सांगा.' ही विनंती नाकारणारा अधिकारी विरळाच, कारण तिच्यात त्यांचाही वेळ वाचतो.

हे काम मिळाले की ते अतिशय गांभीर्याने करा. गाईचे तापमान साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट, नाडी मिनिटाला ६० ते ८० वगैरे आकडे तुम्हाला पाठ असतील, पण बोटांना ते अजून माहीत झालेले नाहीत. नाडी शेपटीच्या खालच्या बाजूला, मुळापासून साधारण वीतभर अंतरावर, मधोमध बोटांची टोके हलकेच टेकवून घ्यायची असते. जोरात दाबले की ती हरवते. पोटाची हालचाल मोजताना डाव्या भकाळीत (शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात) मूठ दाबून धरायची आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण दोन मिनिटे थांबायचे. निरोगी जनावरात तेवढ्या वेळात दोन-तीन वेळा आतून लाट येते आणि मूठ बाहेर लोटली जाते. घाईत असलेला माणूस अर्ध्या मिनिटात मूठ काढून घेतो आणि 'हालचाल मंद' असे लिहून मोकळा होतो. तसे करू नका. आणि एक गोष्ट विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही, ती अशी की आजारी जनावरांहून अधिक संख्येने निरोगी जनावरे तपासली पाहिजेत. लसीकरणाला गावात गेलात की दावणीला बांधलेल्या धडधाकट गाई-म्हशींवर हात फिरवा, ठोके ऐका, डोळ्याची पापणी उलटून आतला रंग पाहा. निरोगीपण हाताला नीट ओळखता आले तरच बिघाड लक्षात येतो.

नुकत्याच व्यालेल्या, मिल्क फिव्हरने (रक्तातील कॅल्शियम घटल्याने) बसलेल्या गाईची केस तुमच्यासमोर लवकरच येईल. व्याल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांत गाय उठेनाशी होते, मान कुशीकडे वळवून बसते, कान हाताला थंड लागतात आणि तापमान चढण्याऐवजी उतरलेले असते. साहेब शिरेतून कॅल्शियम देत असतील तेव्हा नुसत्या बघत उभ्या राहू नका. स्टेथोस्कोप गाईच्या डाव्या कोपरामागे छातीवर ठेवा आणि बाटली संपेपर्यंत ठोके ऐकत राहा. कॅल्शियम वेगाने गेले तर हृदयाची लय बिघडते आणि गाय सुईवरच दगावू शकते. म्हणून ठोका चुकल्याचे जाणवताच मोठ्याने सांगायचे, म्हणजे साहेब बाटली खाली घेतील. हे काम लहान नाही, त्या वेळी गाईचा जीव तुमच्या कानावर अवलंबून असतो. औषध लागू पडू लागले की अंगाचे स्नायू थरथरतात, नाकपुड्यांमधल्या कोरड्या पडलेल्या जागेवर दव दिसू लागते, गाय ढेकर देते, शेण टाकते आणि बऱ्याचदा थोड्या वेळात स्वतःच्या पायांवर उभी राहते. हे एकदा जवळून पाहिले की या वर्षाकडे पाहण्याची तुमची दृष्टी बदलेल, असे मला मनापासून वाटते.

आता लाथेविषयी. म्हशीची लाथ बसल्यावर भीती वाटणे स्वाभाविक आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही, परंतु ती लाथ का बसली हे समजून घेतले पाहिजे. घोडा सरळ मागे लाथ मारतो. गाय-म्हैस मागचा पाय आधी पुढे आणून बाजूला फिरवते. त्यामुळे मागच्या पायापासून हात-दोन हात अंतरावर बाजूला उभे राहणे सर्वांत धोक्याचे असते, कारण पायाला वेग घ्यायला तेवढी जागा मिळते. नवखा माणूस भीतीमुळे नेमका तिथेच उभा राहतो. एक तर पूर्ण लांब राहावे, नाहीतर जनावराच्या अंगाला अंग लावून उभे राहावे. जनावराला दोन्ही बाजूंचे पुष्कळ दिसते, पण थेट पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून येऊन एकदम हात लावू नका. आधी आवाज द्या, चुचकारा, खांद्याच्या बाजूने जवळ जा, पाठीवर हात ठेवा आणि तो हात न उचलता हळूहळू मागे सरकवत न्या, म्हणजे तुम्ही कुठे आहात हे त्याला सतत कळत राहील. म्हशीच्या बाबतीत तिची रोज धार काढणाऱ्या व्यक्तीला डोक्याशी उभे करा, कारण ओळखीच्या आवाजाने म्हैस जेवढी शांत होते तेवढी दहा माणसांनी धरून होत नाही. कासरा हाताला गुंडाळून कधीही धरू नका. जनावर उधळले तर बोटे तुटतात. भिंत आणि जनावर यांच्या मध्ये अडकू नका, आणि गोठ्यात शिरतानाच बाहेर पडण्याची वाट कुठे आहे ते पाहून ठेवा. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या वासराला हात लावायचा असेल तर तिच्याकडे पाठ करू नका. ओढणी, बांगड्या, मोकळे केस, गळ्यात लोंबणारा स्टेथोस्कोप हे सगळे गोठ्याबाहेर ठेवा आणि पायात गमबूट घाला.

या बाबतीत तुमचे खरे शिक्षक दवाखान्यातील परिचर आणि व्रणोपचारक (ड्रेसर) आहेत. जनावर खोड्यात (त्याला अडकवून उभे करण्याच्या चौकटीत) कसे घालावे, वेसणीला कुठे आणि किती धरावे, एका दोराने बैल इजा न होता कसा पाडावा, हे त्यांनी वर्षानुवर्षे केलेले असते. त्यांना 'काका' किंवा 'दादा' म्हणा, त्यांच्याकडून दोराच्या गाठी शिका आणि खोडा धुण्याच्या कामातही हात लावा. शक्य असेल तर तुमच्या खोलीजवळच्या एखाद्या गोठ्यात सकाळ-संध्याकाळ जाण्याची परवानगी मागा. वैरण टाका, शेण काढा, पान्हा कसा फुटतो ते पाहा, धार काढायला शिका. कासेजवळ उकिडवे बसून धार काढू लागलात की जनावराचे अंग, त्याचा श्वास, कान मागे करणे, शेपटी झटकणे, लाथ मारण्याआधी पाय आखडून घेणे हे सारे समजू लागते. भीती कमी करण्याचा यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही. ती पूर्णपणे जाईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. जुन्याजाणत्या डॉक्टरांच्याही मनात ती थोडी असते आणि असावी.

गाभण तपासणीत हाताला काही न कळणे हा तर सर्वांचाच अनुभव आहे. आपली तक्रार अशी असते की आत सगळे सारखेच लागते. त्याचे कारण बहुतेक वेळा घाई हे असते. नखे कापलेली, अंगठी काढलेली, पूर्ण बाहीचा हातमोजा भरपूर वंगण लावलेला आणि बोटे एकत्र जुळवलेली, एवढी तयारी आधी हवी. आत गेल्यावर आतडे हाताभोवती आवळते तेव्हा हात पुढे रेटू नका. थांबा, लाट ओसरू द्या आणि मगच पुढे जा. रेटल्याने आतड्याला इजा होते. हातमोज्यावर ताजे रक्त दिसले तर तपासणी तिथेच थांबवून साहेबांना सांगा. पहिले काही दिवस गर्भ शोधूच नका. ओटीचे हाड कुठे संपते ते पाहा, त्याच्या आधाराने गर्भाशयाचे मुख शोधा. घट्ट, लांबट, बोटांखाली मागेपुढे सरकणारा तो भाग एकदा ओळखीचा झाला की तिथून पुढे गर्भाशयाच्या शिंगांपर्यंत आणि अंडाशयांपर्यंत जाता येते. सुरुवात पाच-सहा महिन्यांच्या गाभण गाईंपासून करा, कारण तिथे गर्भाशयाकडे जाणाऱ्या धमनीतील विशिष्ट थरथर स्पष्ट लागते. दोन महिन्यांच्या आतील गाभण नवशिक्या हातांनी दाबून पाहणे धोक्याचे आहे, ते इतक्यात मागू नका. साहेबांनी तपासल्यानंतर त्यांचा निष्कर्ष ऐकण्याआधी तुमचा निष्कर्ष कागदावर लिहा आणि मग दोन्ही ताडून पाहा. लिहिल्यामुळे 'मलाही तसेच वाटले होते' अशी स्वतःची फसवणूक होत नाही. आणि साहेब व तुम्ही यांच्याखेरीज त्याच गाईची तपासणी आणखी कोणी करणे टाळा. शिकण्याची गरज तुमची आहे, तिची नाही.

शेतकरी 'साहेब कधी येतील?' असे विचारतात त्याचे वाईट वाटून घेऊ नका. चांगल्या दुभत्या म्हशीची किंमत आज लाखाच्या घरात जाते आणि पुष्कळ घरांत महिन्याचा किराणा तिच्या दुधावर चालतो. अशा माणसाने ओळख नसलेल्या मुलीच्या हाती ती लगेच सोपवावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याचा विश्वास इंजेक्शन देऊन मिळणार नाही, प्रश्न विचारून मिळेल. कितवे वेत आहे, कधी व्याली, वार वेळेवर पडली का, दूध किती होते आणि किती झाले, वैरण किंवा पेंड बदलली का, रवंथ करते का, शेण कसे टाकते, आधी कोणाकडून काही औषध दिले का, हे शांतपणे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. बाटलीने औषध पाजले असेल तर नंतर ठसका लागला होता का, हेही आवर्जून विचारा, कारण मान फार उंच करून पाजलेले औषध फुप्फुसात गेल्याच्या केसेस खेड्यांत वरचेवर येतात. दवाखान्यात जनावर पुरुष घेऊन येतो, पण त्या जनावराची खडान्खडा माहिती बहुतेक वेळा घरातल्या बाईला असते. गोठ्यावर गेलात की तिला विचारा. पुरुष डॉक्टरशी बोलताना मागे उभी राहणारी ती मावशी तुमच्याशी मोकळेपणाने बोलेल, आणि तिच्या एका वाक्यात कधीकधी संपूर्ण निदान असते.

'मी शिकाऊ डॉक्टर आहे, साहेबांना विचारून सांगते' असे म्हणायला संकोच करू नका. काही महिन्यांनी मात्र उलट प्रकार सुरू होईल. लोकांना तुमची सवय होईल आणि संध्याकाळी फोन येतील की मॅडम, साहेबांना कशाला त्रास, तुम्हीच येऊन एक सुई द्या. एकट्या जाऊ नका, साहेबांना कळवल्याशिवाय औषध देऊ नका आणि पैसे तर कोणाकडूनच घेऊ नका. प्रतिजैविक दिलेल्या गाईचे दूध वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत डेअरीत घालू नये, हे प्रत्येक मालकाला सांगण्याचे काम आजपासूनच स्वतःकडे घ्या. साहेब घाईत असले की ते राहून जाते आणि ते दूध शेवटी कोणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जाते. कोणी माणसांचे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आणून 'हेच द्या, स्वस्त पडते' म्हणाले तर स्पष्ट नकार द्या. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, कारण ते दिलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडे मरतात. आपल्या आकाशातून गिधाडे कशी नाहीशी झाली, हे त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा.

त्या रात्रीच्या गाईविषयी तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत, पण पत्रातला सर्वांत जड भाग तोच आहे असे मला वाटते. तुम्ही दिलेल्या हकिगतीवरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. पाणमोट फुटल्यानंतर साधारण दोन तासांत वासरू पुढे सरकताना दिसले नाही, तर डॉक्टरला बोलावले पाहिजे; इथे दुपारची रात्र झाली. वासराचे डोके मागे वळलेले असताना पाय ओढले की ते डोके कटिभागाच्या तोंडाशी आणखी घट्ट अडकते, कळा देऊन गर्भाशय थकते आणि माणसांच्या जोराने त्याला आतून जखमाही होऊ शकतात. तुम्ही पोहोचलात तेव्हा त्या गाईपाशी फारसा वेळ उरलेला नव्हता. तुम्ही तिथे काही वेगळे केले असते तर ती वाचली असती, असे तुमच्या पत्रातल्या कोणत्याही गोष्टीवरून दिसत नाही. हे मी तुमचे समाधान व्हावे म्हणून लिहीत नाही, केस वाचून लिहितो आहे.

तरीही ती केस तशीच सोडून देऊ नका. साहेब निवांत असतील तेव्हा त्यांच्याशी ती पहिल्यापासून बोला. वासरू जिवंत आहे की नाही हे खुराच्या बेचक्यात चिमटा घेऊन किंवा तोंडात बोट घालून कसे पाहतात, हाताला लागलेला पाय पुढचा की मागचा हे खुराजवळचे दोन सांधे एकाच दिशेने वाकतात की उलट दिशांनी, यावरून कसे ओळखतात, दोन कळांच्या मध्ये वासराला आत लोटून डोके सरळ करायला जागा कशी करतात, या सगळ्याबद्दल विचारा आणि पुढच्या अडलेल्या गाईच्या वेळी तुमचा हात आत घालू देण्याची विनंती करा. थोड्या दिवसांनी साहेबांबरोबर त्या घरी पुन्हा जा. उरलेल्या जनावरांची चौकशी करा, त्यांच्या गोठ्यात आणखी कोणी गाभण असेल तर तिची तारीख काढून द्या (गाईचे दिवस साधारण २८०, म्हशीचे ३१०) आणि दोन तासांची गोष्ट तसेच १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक त्या मावशींना समजावून सांगा. त्यांनाही तुमच्या जाण्याने बरे वाटेल. मालकासमोर डोळ्यांत पाणी आले तर त्यात गैर काही नाही, फक्त हातातले काम थांबू देऊ नका. मात्र त्या रात्रीपासून झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा तेच दृश्य सारखे समोर येत असेल, तर महाविद्यालयातील तुमच्या मार्गदर्शक शिक्षकांना मोकळेपणाने सांगा आणि गरज पडल्यास समुपदेशकाकडे जा. हे दुबळेपणाचे लक्षण मानण्याची जुनी रीत आपल्या व्यवसायाने सोडून दिली पाहिजे.

आईंना काय सांगायचे, हा प्रश्न उरतो. त्यांना एकदा इकडे बोलवा, दवाखाना दाखवा, साहेबांशी आणि तुमच्या घरमालकांशी भेट घालून द्या. लांब बसून ऐकलेल्या लाथेपेक्षा डोळ्यांनी पाहिलेला दवाखाना त्यांना कमी भीतिदायक वाटेल. मात्र त्यांची काळजी एका बाबतीत अगदी रास्त आहे, ती म्हणजे तुमची प्रकृती. रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घेतली नसेल तर ती याच आठवड्यात सुरू करा. लाळ गाळणाऱ्या, वेगळ्याच आवाजात हंबरणाऱ्या गाई-म्हशीचा मालक सांगतो की घशात काहीतरी अडकले आहे, आणि भाबडेपणाने डॉक्टर तोंडात हात घालतो. अशा वेळी आधी रेबीजचा विचार करायचा आणि हात बाहेरच ठेवायचा. अकस्मात मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल, तर काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय घेऊन शवविच्छेदनाला हात लावायचा नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. गाभडलेला गर्भ, अडकलेली वार, बाहेर आलेले मायांग (योनी किंवा गर्भाशय) यांना लांब हातमोजे आणि मास्क यांशिवाय स्पर्श करू नका. दवाखान्यात हातमोजे संपले असतील तर स्वतःच्या पैशाने आणून पिशवीत ठेवा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस देताना विशेष जपा, कारण ती जिवंत लस असते आणि सुई स्वतःला टोचली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर माणसालाही तो आजार होऊ शकतो. तसे झाले तर जागा लगेच साबण-पाण्याने धुवा, डोळ्यात गेले असेल तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, साहेबांना सांगा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. पुढे कधी रोज संध्याकाळी चढणारा ताप, रात्रीचा घाम आणि सांधेदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मी जनावरांत काम करते, माझी ब्रुसेलोसिसची तपासणी करा. शहरातल्या डॉक्टरांच्या मनात तो आजार सहसा आधी येत नाही, आणि निदान उशिरा झाले की उपचार लांबत जातो.